नगरसेवक, महापौर, सभापती: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या भागात कुणाला महापालिकेत अर्ज द्यायचा असला की तो लिहून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. अर्ज लिहिताना लोक जे विचारतात ते इथे उतरवलं आहे. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणूस चिडलेला असतो, त्याचं म्हणणंही बरोबर असतं, पण अर्ज चुकीच्या दारात जातो. शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात निर्णय एक जण घेतो, पैसे दुसरा मंजूर करतो आणि काम तिसरा करतो. हे तीन हात वेगळे ओळखता आले तर निम्मे हेलपाटे वाचतात.

नाशिक महापालिकेत निवडून आलेले लोक किती आणि कोण?

नगरसेवक १२२. प्रभाग ३१, त्यातले बहुतेक चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. मतदार थेट निवडतो तो फक्त नगरसेवक. महापौर, उपमहापौर, स्थायी समितीचे सभापती आणि प्रभाग समित्यांचे सभापती हे सगळे त्या १२२ जणांतूनच पुढे येतात. सभागृह नेता आणि विरोधी पक्षनेता ही पदंही कायद्यातली आहेत.

याशिवाय काही स्वीकृत नगरसेवक असतात. पक्षांच्या संख्याबळानुसार त्यांची नेमणूक होते. ते सभागृहात बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. डॉक्टर, अभियंता, समाजकार्य केलेला माणूस अशा जाणकारांचा सभागृहाला उपयोग व्हावा म्हणून ही तरतूद आहे. पराभूत उमेदवाराची सोय लावायला ती वापरली जाते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. मग आमचा नगरसेवक कोणता?

चौघेही. अ, ब, क, ड या जागा फक्त आरक्षण ठरवण्यासाठी असतात, त्या जागांनी प्रभागाच्या गल्ल्या वाटलेल्या नसतात. नाशिकने २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग पाहिला, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा आणि २०१७ पासून चौघांचा. त्यामुळे मतदाराच्या मनात गोंधळ होणं साहजिक आहे.

‘ते काम त्यांच्याकडे येतं, माझ्याकडे नाही’ असं उत्तर मिळालं तर मान्य करू नका. आपसातली वाटणी ही त्यांची सोय आहे, कायदा नाही. मी तर एकाच अर्जावर चौघांची नावं घालतो आणि चौघांच्या कार्यालयातून पोच घेतो. चौघांनाही कळतं की बाकी तिघांना कळलेलं आहे.

नगरसेवकाचं काम नेमकं काय? गटार साफ करून घेणं का?

तेही, पण ते काम शेवटी येतं.

नगरसेवक हा महासभेचा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभागृहाचा सदस्य असतो. महासभा शहराची धोरणं ठरवते, अंदाजपत्रक मंजूर करते, करांचे दर ठरवते, विकास आराखड्यात बदल सुचवते, प्रशासनाला प्रश्न विचारते. दर महिन्याला होणाऱ्या सभेची विषयपत्रिका निघते. ती आधी वाचून, आपल्या प्रभागावर कोणत्या विषयाचा परिणाम होणार ते हेरून बोलणं हे नगरसेवकाचं मूळ काम आहे. एखाद्या जमिनीवरचं आरक्षण उठवण्याचा किंवा भूखंड भाड्याने देण्याचा विषय ऐनवेळी जादा विषय म्हणून आला आणि न वाचता मंजूर झाला, तर त्याची किंमत तो परिसर पुढची तीस वर्षं मोजतो.

आता चेंबरचं बघू. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर सारखं तुंबायचं. नगरसेवकाला फोन केला की तासाभरात गाडी यायची, चेंबर उपसलं जायचं, चार दिवसांनी पुन्हा तेच. सगळे खूश होते, कारण फोन उचलला जात होता. एके दिवशी गाडीवरच्या कामगाराने झाकण बाजूला केलं आणि मला आत वाकून बघायला सांगितलं. जुनी अरुंद वाहिनी, आणि तिच्यात वरच्या बाजूच्या दोन नव्या इमारतींची जोडणी. ‘काका, ही लाइन बदलल्याशिवाय मी रोज आलो तरी उपयोग नाही,’ असं तो म्हणाला. लाइन बदलायची म्हणजे उपअभियंत्याकडून प्राकलन, म्हणजे खर्चाचा अंदाज, मग अंदाजपत्रकात तरतूद, मग निविदा. या साखळीतल्या पहिल्या दोन कड्या नगरसेवकाने ओढायच्या असतात. आम्ही त्यांच्याकडे गाडी मागत राहिलो, तरतूद मागितलीच नाही. पुढच्या वेळी मागितली, आणि लाइन बदलायला आणखी एक वर्ष लागलं. पण बदलली.

मग नगरसेवक स्वतः सही करून काम का सुरू करत नाहीत?

कारण तो अधिकार त्यांना नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे दिले आहेत. हा कायदा १९४९ चा, पूर्वी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जायचा. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं. कर्मचारी, अभियंते, ठेकेदाराला दिला जाणारा कार्यारंभ आदेश, बिलं हे सगळं त्यांच्या हाताखाली येतं. नगरसेवक सांगू शकतो, विचारू शकतो, सभागृहात जाब मागू शकतो. अधिकाऱ्याला हुकूम देऊ शकत नाही.

ही रचना मला योग्य वाटते. ज्याने पैसे मंजूर करायचे त्यानेच ठेकेदार नेमायचा, अशी व्यवस्था असती तर विचारायला कोणीच उरलं नसतं.

महापौर म्हणजे शहराचे मुख्यमंत्रीच ना?

तसं नाही. महापौर हे प्रथम नागरिक आणि महासभेचे पीठासन अधिकारी असतात. मुदत अडीच वर्षांची. पद खुलं की राखीव, हे मंत्रालयात निघणाऱ्या सोडतीवर ठरतं, आणि निवड नगरसेवक करतात. सभा बोलावणं, विषयपत्रिकेवर विषय घेणं, चर्चेला वेळ देणं, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देणं ही त्यांची कामं. खर्चाच्या फाईलवर त्यांची सही लागत नाही.

पण हे पद फक्त शोभेचं आहे, असंही मी म्हणणार नाही. कोणता विषय महासभेपुढे कधी येतो आणि कोणता ‘तहकूब’ होत राहतो, यात महापौरांचा मोठा वाटा असतो. एखादा अडचणीचा प्रश्न शांतपणे पूर्ण ऐकून घेणारा महापौर आणि गोंधळातच ‘मंजूर, मंजूर’ म्हणणारा महापौर यांत शहराचं भलं आणि नुकसान इतकं अंतर आहे. नाशिकला पहिले महापौर १९९२ मध्ये लाभले, शांतारामबापू वावरे.

आणि उपमहापौर?

महापौर नसताना त्यांची जागा सांभाळणारे. मुदत तीच, अडीच वर्षं.

स्थायी समितीसाठी एवढी चढाओढ का असते?

कारण तिजोरीची किल्ली तिथे आहे. सोळा सदस्यांची ही समिती. पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर जागा वाटल्या जातात. १२२ जणांच्या सभागृहात साधारण साडेसात नगरसेवकांमागे एक जागा येते, म्हणून एक-दोन अपक्षांचा गटही कुठे नोंदवला जातो याला महत्त्व येतं. पहिल्या वर्षानंतर निम्मे सदस्य चिठ्ठी काढून निवृत्त होतात, आणि सभापतींची निवड दर वर्षी होते.

ठराविक रकमेच्या वरचे ठेके या समितीच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाहीत. घंटागाडीचा ठेका, रस्त्यांच्या डांबरीकरणाच्या निविदा, औषधखरेदी. अंदाजपत्रकाचा प्रवासही इथूनच होतो. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायीला सादर करतात, स्थायी त्यात फेरबदल करून महासभेला देते, महासभा आणखी भर घालते. प्रत्येक टप्प्यावर आकडा फुगतो. कामं लिहिली जातात, उत्पन्न मात्र तेवढंच राहतं. जुन्या कामांची देणी, ज्याला पालिकेत ‘दायित्व’ म्हणतात, पुढच्या वर्षाच्या उरावर बसतात. म्हणून ‘तुमच्या रस्त्याला तरतूद झाली’ हे ऐकून पेढे वाटू नका. निविदा निघाली का आणि कार्यारंभ आदेश झाला का, हे विचारा.

घरपट्टी कोण वाढवतं?

याचं उत्तर २०१८ मध्ये सगळ्या शहराने शिकून घेतलं. घरपट्टीचे दोन भाग असतात. एक, मिळकतीचं वार्षिक करयोग्य मूल्य. ते प्रशासन ठरवतं. दुसरा, त्या मूल्यावर किती टक्के कर घ्यायचा. तो दर महासभा ठरवते, आणि पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांनी करयोग्य मूल्याचे दर वाढवले, मोकळ्या जमिनीही त्यात आल्या, आणि नगरसेवकांसह शेतकरी, व्यापारी, रहिवासी सगळे रस्त्यावर आले. दर आमच्या हातात की तुमच्या, असा नगरसेवक आणि आयुक्तांमधला तो वाद होता. कागदावर दोघांचाही दावा पूर्ण खोटा नव्हता. मूल्य एकाच्या हातात आणि टक्के दुसऱ्याच्या, पण सामान्य माणसाला बिल एकच येतं.

आयुक्त ऐकत नसतील तर नगरसेवक त्यांना हटवू शकतात का?

हो. एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश सदस्यांनी ठरावाला मत दिलं तर सरकारला आयुक्त परत बोलवावे लागतात. नाशिकमध्ये याचा अर्थ ७७ मतं. २०१८ मध्ये अविश्वास ठराव दाखल झाला होता, पण मुख्यमंत्र्यांच्या सूचनेनंतर तो मागे घेतला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयुक्तांची बदली झाली.

महासभेने ठराव केला, तरी काम होत नाही. असं कसं?

तीन कारणं सतत दिसतात. ठराव झाला पण पैशांची तरतूद नाही. ठराव झाला पण तो विषय पालिकेच्या अधिकारातलाच नाही. किंवा प्रशासनाने ठराव बेकायदा किंवा जनहिताविरुद्ध असल्याचं सरकारला कळवलं आणि सरकारने तो निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द केला. कलम ४५१ मध्ये तो अधिकार आहे. म्हणून ठरावाची प्रत मागताना त्याचा क्रमांक, तारीख आणि सद्यस्थिती असं तिन्ही मागा. नुसता ठराव फोटो काढून ग्रुपवर टाकायला चांगला असतो, त्याने दिवा लागत नाही.

प्रभाग समिती म्हणजे काय? तिचा आम्हाला उपयोग?

माझ्या मते सर्वांत जास्त उपयोग, आणि सर्वांत कमी वापर. शहराचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. प्रत्येक विभागाची एक प्रभाग समिती. त्या भागातले नगरसेवक तिचे सदस्य, आणि ते आपल्यातून सभापती निवडतात. समोर विभागीय अधिकारी आणि पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, विद्युत या खात्यांचे अभियंते-निरीक्षक बसलेले असतात.

महासभेत बारा पथदीप बंद असल्याचं सांगायला वेळ मिळत नाही. इथे मिळतो. अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या पाच लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी देण्याचा अधिकारही कायद्याने या समितीला आहे. शिवाय मान्यताप्राप्त स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य या समितीवर घेता येतात. ही जागा मागायला संस्थांनी पुढे यायला हवं. २००९ मधल्या दुरुस्तीने क्षेत्रसभेचीही तरतूद झाली आहे, म्हणजे मतदारांनी आपल्या नगरसेवकासमोर एकत्र बसून कामांचा प्राधान्यक्रम सांगायचा. ग्रामसभा गावाला आहे, मग शहराला का नको? नगरसेवकाला हे पत्र लिहून विचारा.

आमच्या नगरसेविका कधी दिसत नाहीत. त्यांचे पतीच सगळं बघतात. चालतं का?

नाही. अर्ध्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, २०१२ च्या निवडणुकीपासून. सभागृहात, स्थायीत, प्रभाग समितीच्या बैठकीत पतीला सदस्य म्हणून बसता येत नाही, मत देता येत नाही, अधिकाऱ्याला सूचना देता येत नाहीत. अर्जावर नगरसेविकेचंच नाव घाला. फोन ‘भाऊंनी’ उचलला तर ‘ताईंशी बोलायचं आहे’ असं नीट, आदराने सांगा. मी अशा एका ताई पाहिल्या आहेत. पहिल्या वर्षी त्या सभेत काहीच बोलायच्या नाहीत. तिसऱ्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या विषयावर व्हॉल्व्हच्या वेळांचा कागद हातात धरून त्यांनी अभियंत्याला निरुत्तर केलं. वस्तीतल्या बायका पहाटे किती वाजता उठून पाणी भरतात हे त्यांना कागद न बघताही माहीत होतं.

गंगापूर धरण भरलेलं असताना पाणीकपात कशी? हे नगरसेवकांच्या हातात नाही का?

धरण महापालिकेचं नाही, जलसंपदा विभागाचं आहे. शहराला गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांतून पाणी मिळतं, आणि किती आरक्षण द्यायचं हे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या कालवा सल्लागार समितीत ठरतं. शेती, उद्योग, खालच्या भागातली गावं, शिवाय समन्यायी वाटपाच्या कायद्यानुसार जायकवाडीला सोडायचं पाणी, असे सगळे वाटेकरी आहेत.

पण धरणापासून आपल्या नळापर्यंतची गळती, जलकुंभ, कोणत्या भागाला किती वेळ पाणी, टँकर कुणाला, ही सगळी महापालिकेची जबाबदारी. ‘धरणात पाणी नाही’ आणि ‘आमच्या गल्लीत पाणी नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसऱ्या तक्रारीला पहिलं उत्तर मिळालं तर ते खपवून घेऊ नका.

महापालिकेच्या हातात काय नाही?

वीज महावितरणची. वाहतूक पोलीस पोलीस आयुक्तालयाचे. द्वारकेवरून जाणारा महामार्गाचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. जिल्हा रुग्णालय राज्य सरकारचं, तर बिटको आणि डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय महापालिकेचं. सिटीलिंक बस २०२१ पासून महापालिकेच्या कंपनीमार्फत धावते, म्हणजे तिचे प्रश्न नगरसेवकांनी विचारायलाच हवेत.

कुंभमेळ्याचे निर्णय महापौर घेतात का?

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी राज्याने २०२५ मध्ये स्वतंत्र नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण केलं. मोठे निर्णय आणि मोठा निधी तिथून येतो. पण घाट, गटारी, तात्पुरते रस्ते, स्वच्छता, दवाखाने यांचा भार महापालिकेवरच असतो, आणि मेळा संपल्यावर जे उरतं ते सांभाळणंही. तपोवनात साधुग्रामासाठी झाडं तोडण्याचा प्रश्न पेटला तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की वृक्ष प्राधिकरण नावाची समिती असते, तिचे अध्यक्ष आयुक्त असतात आणि नगरसेवकही त्यावर सदस्य असतात. झाड तोडण्याआधी हरकती मागवल्या जातात. ती नोटीस वाचणारा एक तरी माणूस प्रत्येक प्रभागात हवा.

मी देवळाली कॅम्पमध्ये राहतो. माझा नगरसेवक कोण?

तुमचा भाग छावणी परिषदेत, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डात येतो, महापालिकेत नाही. पलीकडे भगूरला नगरपरिषद आहे. सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, येवला, मनमाड इथेही नगरपरिषदा. तिथे एक मोठा फरक आहे: नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो, पाच वर्षांसाठी. नाशिक आणि मालेगावचे महापौर तसे निवडले जात नाहीत.

मध्ये नगरसेवकच नव्हते. तेव्हा कारभार कोण बघत होतं?

प्रशासक. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. जवळजवळ चार वर्षं महासभा आणि स्थायी या दोघांचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते. तोच प्रस्ताव मांडणार आणि तोच मंजूर करणार. नाशिकला हे नवीन नाही. ७ नोव्हेंबर १९८२ ला महापालिका झाली आणि पहिली निवडणूक थेट १९९२ मध्ये. चांगले प्रशासक असतात, कामंही वेगाने होतात. पण ‘हे का केलं?’ असं उभं राहून विचारणारं त्या सभागृहात कोणीच नसतं. राज्यघटनेत पाच वर्षांची मुदत लिहिलेली असताना शहराला इतकी वर्षं प्रतिनिधीविना ठेवणं मला अन्याय वाटतो.

नगरसेवकपद कशामुळे जाऊ शकतं?

पालिकेच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध असणं, स्वतः किंवा जोडीदाराने अनधिकृत बांधकाम करणं, १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यामुळे दोनपेक्षा जास्त मुलं होणं, राखीव जागेवर निवडून येऊन जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत न देणं, पक्षांतर. तक्रार करायची तर कागद हवेत. ऐकीव गोष्टींवर कोणाचं पद जात नाही, आणि जाऊही नये.

महासभा बघायला जाता येतं का?

येतं. प्रेक्षक गॅलरी असते, ओळखपत्र बरोबर ठेवा. एकदा तरी जा. आपला नगरसेवक कुठे बसतो, किती वेळ बसतो, त्याच्यासमोर विषयपत्रिका उघडी आहे की मोबाईल, हे तिथून स्वच्छ दिसतं.

शेवटी, अर्ज कसा लिहायचा?

एका अर्जात एकच विषय. जागा अशी लिहा की नवीन माणसालाही सापडेल: घर क्रमांक, खांबाचा क्रमांक, जवळचं मंदिर किंवा दुकान. कधीपासून, आधी कुणाला सांगितलं, ई-कनेक्ट ॲपवरचा तक्रार क्रमांक. मूळ अर्ज विभागीय कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर, प्रत नगरसेवकांना. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. दुरुस्तीचं काम असेल तर विभागीय अधिकाऱ्याचं नाव वर घाला. नवीन काम मागत असाल तर नगरसेवकांचं, आणि ते दिवाळीच्या सुमारास द्या, कारण अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्यानंतर सुरू होते आणि मार्चमध्ये दिलेला अर्ज पुढच्या वर्षाची वाट बघत बसतो.